सरकीतले उंदीर, रुईचे तंतू आणि दिवसभर धरता येईल असा बिनतारी माऊस

सरकीवाला
सोमवार, रात्री ९:५२

रामराम मंडळी. हिंगणघाट-वणी पट्ट्यात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, हिशेबाला बसतो. दिवाळी ते होळी आमचा हंगाम. सकाळी पहिली गाडी काट्यावर चढली की खुर्चीत बसायचं, ते रात्री रोकड जुळेपर्यंत. काटापट्टी (वजनाची पावती), खरेदीची बिलं, गठाणींचा हिशेब, ई-वे बिल, आणि मध्येच मालकाला एक्सेलमध्ये काहीतरी 'दोन मिनिटांत' हवं असतं. उजवा हात माऊसवरून निघतच नाही.

आधी तारेचा माऊस होता. पण ऑफिसच्या भिंतीपलीकडे सरकीचा ढीग, आणि सरकी म्हटली की उंदीर आलेच. एका हंगामात दोन वायरी कुरतडल्या. 'उंदरानं उंदीर खाल्ला' हा विनोद अख्ख्या जिनिंगचा करून झालाय, इथे कृपया नको. मग तालुक्याच्या बाजारातून अडीचशेचा बिनतारी आणला. तीन महिन्यांत त्याचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं. एका रात्री हिशेब बसेना. वहीप्रमाणे पैसे जास्त गेलेले, पेटीत जास्त उरलेले. साडेअकराला सापडलं: एकाच मेटॅडोरच्या दोन पट्ट्या. २१ क्विंटल ४० किलो कापूस एकदाच आला, कागदावर दोनदा चढला.

त्यात आता उजव्या मनगटात कळ येते. संध्याकाळी चहाचा कप उचलायला डावा हात लागतो. बजेट १,५०० रुपये, फारच चांगलं असेल तर थोडं वर. दिवसभर धरता यावा, टिकावा, आणि उंदराला खायला काही नको. सुचवा.


तर्रीपोहा
सोमवार, रात्री १०:०५

तारेचाच घ्या. लाइट फिटिंगवाल्याकडून दीड मीटर प्लास्टिकचा पाइप आणा, वायर त्यातून घाला. सेलची कटकट नाही, संगणकात खोचायचं ते इवलंसं डोंगल हरवायची भीती नाही. बिनतारी म्हणजे हौस.


सरकीवाला
सोमवार, रात्री १०:११

पाइपचा प्रयोग झालाय. पाइपातून निघाल्यापासून माऊसपर्यंत जी वीतभर वायर मोकळी राहते, तीच खाल्ली.


सेतूवालीताई
सोमवार, रात्री १०:३०

भाऊ, माहं गावातच सेवा केंद्र हाय. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, सगळं याच हातानं. जुलैत त लाइन रस्त्यापर्यंत असते. मी लॉजिटेकचा एम १८५ वापरून रायली, दोन वर्षं झाले. हजाराच्या आत भेटते. एकच पेन्सिल सेल लागते, कंपनी वर्षभर म्हनते, मले नऊ-दहा महिने पुरते. तक्रार नाही.

पन माहा हात लहान. मले तो बरोबर बसते. माह्या घरच्या मानसानं धरला की त्याची बोटं पुढे निंघते आन तळहात हवेत रायते. तुमचा हात केवढा हाय ते त सांगा आधी. चप्पल घेताना नंबर सांगतो ना आपन?


मुंबईत_अडकलेला_वऱ्हाडी
सोमवार, रात्री १०:४४

लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस घ्या आणि विषय संपवा. काचेवरही चालतो, चार्जिंगचा आहे, स्क्रोलचं चाक एकदा फिरवलं की हजार ओळी खाली.


तर्रीपोहा
सोमवार, रात्री १०:४६

किंमत सांग ना बे मग.


मुंबईत_अडकलेला_वऱ्हाडी
सोमवार, रात्री १०:५१

ऑफिसनं दिलाय. :)


झाडीपट्टीचा_मिस्त्री
मंगळवार, सकाळी ७:२०

मी संगणक दुरुस्ती करतो, माऊसही उघडतो, म्हणून आतलं सांगतो.

एकदा दाबून दोनदा लागणं हा माऊसचा सगळ्यात जुना आजार. बटणाखाली करंगळीच्या नखाएवढा स्विच असतो. त्यात धातूची पातळ पत्ती. दाबली की टक्कन खाली टेकते. टेकायची जागा झिजली किंवा काळी पडली की एका दाबात पत्ती टेकते, सुटते, परत टेकते. संगणकाला ते दोन क्लिक वाटतात. खोक्यांवर ५० लाख, १ कोटी क्लिकचे आकडे लिहिलेले असतात. दिवसाला पाच हजार धरले तर १ कोटीला २,००० दिवस लागतात, म्हणजे जिनिंगचे पाचसहा हंगाम सहज जायला हवेत, कारण बाकीचे महिने तुम्ही एवढं दाबत नसाल. अडीचशेच्या मालावर असा आकडाच नसतो.

नवा घेतला की दुकानातच तपासा. एक फाइल धरून स्क्रीनभर हळूहळू ओढत न्या. मध्येच हातातून सुटली तर स्विच कच्चा. परत द्या, लाजू नका.

दुसरं, तुमच्याकडे रुई उडते. माऊस उलटा करा. खाली जे भोक आहे, त्यात एखादा तंतू आडवा बसलेला दिसेल. आतला सेन्सर सेकंदाला हजाराहून जास्त वेळा टेबलाचा फोटो काढतो आणि दोन फोटोंतल्या फरकावरून बाण किती सरकवायचा ते ठरवतो. भोकात तंतू हलला तर त्याला वाटतं टेबलच हललं. बाण एकदम उडून भलत्याच रकान्यात जातो तो यामुळे. फुंकर मारू नका, थुंकी जाते. कोरडा, मऊ रंगाचा ब्रश दिवसातून एकदा फिरवायचा.

तिसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. दोन्ही बाजूंना मऊ रबराचा मुलामा असलेला माऊस आपल्या भागात घेऊ नका. दुकानात हाताला फार छान लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या पुढे, हाताला घाम, दोन उन्हाळ्यांत ते रबर गुळासारखं चिकट होतं. त्यावर तुमची रुई बसली की माऊसला दाढी येते. माझ्याकडे असे तीन पडलेत. साधं खरखरीत प्लास्टिक बरं.


सरकीवाला
मंगळवार, दुपारी २:१५

जेवणाच्या सुट्टीत माऊस उलटा केला. एक नाही, चार तंतू! काढले. बाण उड्या मारायचा थांबला. दोन महिने मी त्या माऊसला शिव्या देतोय.

सेतूवालीताई, हात मोजला. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत २० सेंमी.


उभा_हात
मंगळवार, दुपारी ३:४०

२० म्हणजे मोठा हात. ढोबळ हिशेब असा, की १७च्या आत लहान, १७ ते १९ मधला, त्यापुढे मोठा. लहान माऊस मोठ्या हातात गेला की माणूस तो चिमटीत धरतो आणि सगळा भार मनगटावर येतो.

मी नागपुरात डेटा एंट्रीला आहे. तीन वर्षांपासून उभा माऊस वापरतो, हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा हात राहतो. लॉजिटेकचे लिफ्ट आणि एमएक्स व्हर्टिकल, दोन्हीला ५७ अंशाचा उतार आहे. लिफ्ट लहान-मध्यम हातासाठी, तुम्हाला दुसरा बसेल. पहिले चार-पाच दिवस बाण वाटेल तिकडे जातो, मग सवय होते. पण दोन्ही तुमच्या बजेटच्या बरेच बाहेर. बिननावाचे उभे माऊस हजाराच्या आसपास मिळतात. दोन घेतले होते, एकाची बटणं इतकी कडक की मनगटाऐवजी बोट दुखायला लागलं.


सेतूवालीताई
मंगळवार, दुपारी ४:०२

मले त तो उभा माऊस पाहूनच हासू येते. तान्ह्या पोळ्याचा नंदी वाटते, चाकं लावाचे बाकी हाय फक्त.


झाडीपट्टीचा_मिस्त्री
मंगळवार, रात्री ८:३०

ताई, तुमचं हसणं भलतीकडे नाही गेलं. जगातला पहिला माऊस लाकडाचाच होता, खाली दोन चाकं आणि मागे वायरीची शेपूट. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी बनवला. फोटो शोधून बघा, आपल्या सुतारानं नंदी करता करता अर्ध्यात सोडल्यासारखा दिसतो.


कळ_कुठे_येते
मंगळवार, रात्री ९:१५

सरकीवाला दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करत नाही, पण तीन प्रश्न विचारते. मुंग्या येतात का, आणि कोणत्या बोटांना? रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो का? खुर्ची-टेबल कसं आहे?


सरकीवाला
मंगळवार, रात्री ९:४०

मुंग्या नाहीत. रात्री त्रास नाही. मनगटाच्या वरच्या बाजूला, करंगळीकडे, दुखतं. आणि खांदा. टेबल लोखंडी, जुनं. खुर्ची प्लास्टिकची, हातांची, पण हात टेबलाखाली अडकतात म्हणून लांब बसतो.


कळ_कुठे_येते
मंगळवार, रात्री १०:२०

मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येत असत्या, रात्री जाग येत असती, तर आधी डॉक्टरकडे जा म्हटलं असतं. मनगटातल्या बोगद्यातून जाणारी नस दाबली गेली की तसं होतं, आणि ते माऊस बदलून ढकलत न्यायचं दुखणं नाही. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या काठावर टेकतंय का ते बघायचं. हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, अर्धा दोष जागेचा आहे. प्लास्टिकची खुर्ची बुटकी, टेबल उंच. कोपर टेबलाच्या खाली राहतं, म्हणून मनगट मागे मोडून माऊस धरावा लागतो. कोपर टेबलाच्या पातळीला यायला हवं. घडी घातलेली गोधडी खुर्चीत टाका. पाय लोंबकळले तर खाली वीट ठेवा.

आणि आता कीबोर्ड बघा. उजवीकडे आकड्यांचा पट्टा आहे ना?


सरकीवाला
मंगळवार, रात्री १०:२४

तो नसेल तर माझा धंदाच बंद. वजनं, दर, रकमा, सगळं त्यावर.


कळ_कुठे_येते
मंगळवार, रात्री १०:४१

म्हणून माऊस त्या पट्ट्याच्याही पलीकडे जातो. हात दिवसभर अंगापासून दूर ताणलेला, मनगट करंगळीकडे वळलेलं. खांदा आणि मनगटाची तीच बाजू, हा योगायोग नाही.

माऊस डावीकडे घ्या. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर. हिशेबाचं काम करणाऱ्या माझ्या तीन पेशंटना हे सांगितलं, दोघांनी मानलं. पहिला आठवडा चीड येते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बटणांची अदलाबदल करता येते, पण दुसरं कोणी तुमच्या संगणकावर बसत असेल तर करू नका, घरात भांडणं होतात.

मनगटाखालच्या उशीवर मनगट दाबून माऊस फिरवू नका. ती थांबल्यावर टेकायला. फिरवायचं ते कोपरापासून, पोळी लाटताना हात जातो तसं.


तर्रीपोहा
मंगळवार, रात्री १०:५५

डाव्या हातानं? मी डाव्या हातानं दातही घासू शकत नाही.


उभा_हात
बुधवार, सकाळी ९:१०

ताईंचा सल्ला घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, बरेचसे 'आरामदायी' माऊस उजव्या हाताच्या वळणाचेच असतात. एम ३३१, एमएक्स मास्टर, दोन्ही तसेच. डावीकडे घेतले तर अंगठ्याचा खळगा करंगळीला येतो. दोन्ही बाजू सारख्या असलेला बघा, नाहीतर खास डावखुरा. लॉजिटेकच्या सिग्नेचर एम ६५० मध्ये मध्यम आणि मोठा असे आकार आहेत आणि मोठ्यात डाव्या हाताचाही आहे. आवाज जवळजवळ नाही. एक पेन्सिल सेल, कंपनी दोन वर्षं म्हणते. बजेट ताणावं लागेल.

डीपीआयच्या, म्हणजे हात जरासा हलवला की बाण किती पळतो त्याच्या, मोठ्या आकड्यांवर जाऊ नका. आठ हजार डीपीआय म्हणजे आराम नव्हे. एका साध्या स्क्रीनला हजार-बाराशे भरपूर.


सेतूवालीताई
बुधवार, सकाळी ९:४८

आवाज न करनारा घ्याच भाऊ. माह्या पुढ्यात दिवसभर मानसं उभी. टकटक आयकून एक आजोबा म्हने, बाई, एवढं ठोकून रायली, दाखला दगडावर कोरतं का?


सरकीवाला
बुधवार, रात्री ९:३०

एम ६५० मोठा, डाव्या हाताचा, ऑनलाइन बघितला. पिनकोड टाकला तर 'या ठिकाणी डिलिव्हरी नाही'. रविवारी नागपूरला जाणं आहे, तिथे बर्डीच्या बाजारात हातात धरून बघतो.

अजून एक. बिनतारी घेतल्यापासून बाण कधीकधी अडखळतो. तंतू काढल्यावर उड्या थांबल्या, हे वेगळं आहे, रांगल्यासारखं. सीपीयू टेबलाखाली, डोंगल मागच्या बाजूला. पेनड्राइव्हवर बॅकअप चालू असला की जास्त होतं.


झाडीपट्टीचा_मिस्त्री
बुधवार, रात्री १०:१५

उत्तर तुम्हीच दिलंत. डोंगल आणि माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. लोखंडी टेबल, खाली लोखंडी डबा, डोंगल त्याच्या पाठीमागे, म्हणजे दोघांमध्ये भिंत. वर निळ्या पोर्टमधला पेनड्राइव्ह. यूएसबी ३ची देवाणघेवाण चालू असली की तिचा गोंगाट याच पट्ट्यात होतो. फूट-दोन फुटांची साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल टेबलावर आणा. शंभर-दीडशेत काम होतं. ही वायर उंदरानं खाल्ली तर निदान माऊस वाचेल.

हंगाम संपला की सेल काढून ठेवा. उन्हाळाभर बंद ऑफिसात माऊसमध्ये राहिलेला सेल पाझरतो, पत्रीवर पांढरं-हिरवं साचतं. साचलंच तर व्हिनेगरमध्ये बुडवलेली कानाची काडी फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. कुलरच्या तोंडासमोर माऊस ठेवू नका, तो दमटपणाही तेच करतो.


मुंबईत_अडकलेला_वऱ्हाडी
बुधवार, रात्री १०:३२

हा धागा वाचून मी माझ्या खुर्चीत चादर घातली. सहकारी विचारतात, मूळव्याध झाली का.


सरकीवाला
पुढचा सोमवार, रात्री १०:०५

बर्डीला चार दुकानं फिरलो. डाव्या हाताचा कुठेच नव्हता, मागवून देऊ म्हणाले, दोन आठवडे. उभे माऊसही धरून बघितले. हात खरंच निवांत राहतो, पण पट्टी काढायला दर अर्ध्या मिनिटाला माऊस सोडून आकड्यांवर जावं लागतं, परत आल्यावर तो धरताना धक्का लागून लवंडतो. माझ्या कामाला नाही.

शेवटी दोन्ही बाजू सारख्या असलेला, जरा लांब, साध्या प्लास्टिकचा घेतला. साडेआठशे. फाइल ओढून बघितली, दुकानदार वैतागला. पाच वेळा ओढली.

माऊस डावीकडे, गोधडी खुर्चीत, डोंगल टेबलावर. पहिल्या दिवशी मालक म्हणाले, "हात मोडला का?" दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याची पट्टी करायला एवढा वेळ लावला की तो म्हणाला, "पोरा, राहू दे, मीच लिहितो."


कळ_कुठे_येते
पुढचा सोमवार, रात्री १०:२०

आठवडा जाऊ द्या. आणि दर तासाला उठा. काट्यापर्यंत चालत जाऊन गाडीचा नंबर स्वतः बघून या.


सरकीवाला
तीन आठवड्यांनी, रात्री १०:४०

कळवायचं राहिलं होतं. मनगटाची कळ जवळजवळ गेली. खांदा अजून रात्री बोलतो, पण कप उजव्या हातानं उचलतो. डाव्या हाताला सवय झाली, फक्त एक्सेलमध्ये लांबलचक रकाना निवडताना अजून हात थरथरतो, तिथे शिफ्ट आणि बाणाच्या कळा वापरतो. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक गोधडीनं पडला, आणि ती फुकट होती. डबल पट्टी एकही नाही.

पण एक झालं. आज सकाळी ऑफिस उघडलं, माऊस जागेवर, डोंगल जागेवर, एक्स्टेन्शनची वायरही शाबूत. आणि माऊस पॅडचा एक कोपरा पूर्ण कुरतडलेला.


तर्रीपोहा
तीन आठवड्यांनी, रात्री १०:४३

मी आधीच सांगितलं होतं.


सरकीवाला
तीन आठवड्यांनी, रात्री १०:४५

काय सांगितलं होतंत? पाइप?


सेतूवालीताई
तीन आठवड्यांनी, रात्री १०:५०

पॅड कायले पाह्यजे भाऊ. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवा, त्यावर बी चालते.


सरकीवाला
तीन आठवड्यांनी, रात्री १०:५४

ताई, मागच्या वर्षीचं कॅलेंडर त्यांनी ऑगस्टपर्यंत खाल्लंय.